रिकामा चाप

१८५७ म्हटलं की आपल्याला काडतूस आठवतं. शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो: नवी एनफिल्ड रायफल, काडतुसाला लावलेली गाय-डुकराची चरबी, दातांनी तोडायचं कागदी टोक, आणि मग उठाव. मीही परीक्षेत एवढंच लिहून मार्क मिळवले. पण त्या रायफलीच्या चापाखाली एक बारीक साखळी लटकायची आणि साखळीच्या टोकाला चामडं बसवलेली एक छोटी धातूची टोपी असायची, हे मला अगदी अलीकडे कळलं. गोळी झाडायला त्या टोपीचा काहीच उपयोग नव्हता. गोळी न झाडता चाप ओढायचा असेल, तेव्हा ती लागायची.

१८५३ ची ही एनफिल्ड आधीच्या बंदुकांपेक्षा फार लांबवर नेमका मारा करायची. पण लांबचं टिपायचं तर शिपायाला नेम धरता आला पाहिजे, आणि तोवर पलटणींना तो कुणी नीट शिकवलाच नव्हता. रांगेत उभं राहायचं, समोर धूर करायचा, एवढीच अपेक्षा. मग इंग्लंडात हाइथ या गावी १८५३ सालीच नेमबाजीची शाळा निघाली. १८५७ च्या सुरुवातीला हिंदुस्थानात दमदम, अंबाला आणि सियालकोट इथल्या केंद्रांवर निवडक शिपायांना नवी रायफल शिकायला पाठवलं गेलं. चरबीची कुजबुज सुरू झाली ती याच दमदमला, जानेवारीत. म्हणजे आपल्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग घडला तो नेमबाजीच्या क्लासच्या वेळी, आणि त्या क्लासचा बराचसा अभ्यासक्रम गोळीविनाच होता. रायफल उचल, गाल टेकव, नेम धर, चाप ओढ. परत उचल.

गोळीविना चाप ओढण्यात अडचण काय, हे समजायला टिकल्यांचं पिस्तूल आठवा. दिवाळीत टिकली ठेवायची, वर घोडा आपटला की टपकन आवाज. ठासणीच्या बंदुकीतही हेच व्हायचं, फक्त ठिणगी पुढे नळीतल्या दारूपर्यंत जायची. फटक्याने पेटणाऱ्या रसायनाचा हा वापर १८०७ साली पेटंट करून घेतला अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने. त्याचं दुखणं साधं होतं. चकमकीच्या बंदुकीत आधी भपका व्हायचा, मग गोळी सुटायची, आणि तेवढ्यात पाणपक्षी उडून जायचे. शिकारीच्या नादी लागलेल्या पाद्र्याच्या वैतागातून जगभरच्या फौजांच्या बंदुका बदलल्या. चापाच्या वर एक पोकळ बोंडी आली, तिच्यावर तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा पडायचा.

टोपी न बसवता घोडा पाडला तर मात्र पोलाद थेट पोलादावर आपटतं. शंभरदा आपटलं की बोंडीचं तोंड चेपतं, कड बाहेर पसरते, आणि लढाईच्या दिवशी खरी टोपी तिच्यावर नीट बसत नाही. म्हणून ती चामड्याची टोपी. सरावाच्या वेळी बोंडीवर बसवायची, सराव संपला की साखळीला सोडून द्यायची. इंग्रजीत तिचं नाव स्नॅप कॅप. आज ऑनलाइन दुकानात याच नावाने रंगीत प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची खोटी काडतुसं मिळतात. वस्तू पार बदलली, नाव तेच चालू आहे. त्याही आधी चकमकीच्या बंदुकांच्या कवायतीत गारगोटीऐवजी लाकडाचा तुकडा बसवायचे, म्हणजे चकमक झिजणार नाही.

कवायतीचा आणखी एक प्रकार मला फार आवडला. अमेरिकी लष्करात हेन्री हेथ या अधिकाऱ्याने १८५८ साली नेमबाजीचं पुस्तक केलं. त्यात नवशिक्याने नळीत काही न भरता फक्त टोपी लावायची आणि नळीच्या तोंडासमोर ठेवलेल्या पेटत्या मेणबत्तीवर नेम धरायचा. चाप ओढल्यावर हात हलला नाही तर टोपीच्या फुंकरीने ज्योत विझते. हलला तर जळत राहते. एका मेणबत्तीत इतका स्पष्ट फीडबॅक.

या सगळ्यात मी शिरलो त्याचं कारण माझी मावसबहीण. ती सोलापुरात असते, कॉलेजला आहे, आणि दोन वर्षांपासून एका क्लबात .२२ रायफल चालवते. पॉइंट टू-टू म्हणतात ती. रायफल क्लबाची, जुनी, एकेक गोळी भरायची बोल्टची. सहा जणांत एक. तिच्या वाट्याला आठवड्याला पंचवीस गोळ्या येतात, आणि मॅच असते साठ शॉट्सची. मी पुण्याहून फोन केला की ती तक्रार सांगते, आणि मध्ये एकदा तिने सरळ विचारलं, "दादा, तू इंजिनियर आहेस ना, मग सांग की. रिकामी मारली तर खरंच वाट लागते का रायफलीची? सर हात लावू देत नाहीत."

माझं इंजिनियरिंग कॉम्प्युटरचं. पण घरच्यांच्या मते इंजिनियर म्हणजे मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं बघणारा, त्यामुळे उत्तर शोधणं भाग होतं. आणि प्रश्न साधा नव्हता. गोळी नसताना चाप ओढण्याला ड्राय फायरिंग म्हणतात. तिला रिकाम्या सरावाची परवानगी मिळाली तर आठवड्याचे पंचवीस शॉट्स अडीचशे होतात. नाही मिळाली तर ती राज्य स्पर्धेला जाणार पंचवीसच्या जोरावर.

तिचे सर जे सांगत होते ते खोटं नव्हतं. त्याचं मूळ बघायला पॅरिसला जावं लागतं.

१८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक बनवणाऱ्याला एक साधी गोष्ट सुचली. टोपीतच एवढा स्फोट होतो, तर टोपीच्या तोंडावर छोटी गोळी बसवली तर? दारूही नको. त्यातून घरातल्या दिवाणखान्यात मौज म्हणून वापरायची चिमुकली बंदूक निघाली. टोपी नळीत आत घसरू नये म्हणून तिला मागे एक कड केली. पुढे अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ही कल्पना उचलून थोडी दारू घातलेलं तांब्याचं काडतूस केलं आणि त्याचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. साल १८५७. इकडे कागदी काडतूस दातांनी तोडावं की नाही यावरून देश पेटला होता, तेव्हाच तिकडे तोडायचीच गरज नसलेलं काडतूस विकायला आलं होतं. आज जगभर वापरलं जाणारं .२२ लाँग रायफल काडतूस त्याच्याच वंशातलं, १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आणलेलं.

या काडतुसाची खुबी त्याच्या कडेत आहे. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी बाहेर आलेली घडी असते ती आतून पोकळ असते, आणि फटक्याने पेटणारं रसायन त्या घडीत पसरवलेलं असतं. कडेला इंग्रजीत रिम म्हणतात, म्हणून हे रिमफायर. फायरिंग पिन काडतुसाच्या मधोमध न मारता कडेवर मारते. आता कड चिरडायची तर पलीकडून काहीतरी टेका हवा. तो टेका म्हणजे चेंबरचा काठ, नळीच्या मागच्या तोंडाची पोलादी कडा. पिन हातोडा, चेंबरचा काठ ऐरण, आणि मधे जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पितळी कड.

काडतूस काढून घ्या. हातोडा आणि ऐरण समोरासमोर राहतात, मधे काही नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला बंदूक बघायची गरज नाही. पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहा. धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी पलीकडे त्याला कुणीतरी झेलावं लागतं. मारणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असायचा, आणि येणाऱ्या धोट्याचा जोर खायला चामड्याचा पट्टा लावलेला असायचा. जोर कुठेतरी जिरलाच पाहिजे. जिरायला मऊ जागा दिली नाही तर तो स्वतःची जागा शोधतो, आणि ती बहुतेक वेळा महागाची असते.

रिमफायरमध्ये ती जागा म्हणजे चेंबरचा काठ. पिन कडक केलेल्या पोलादाची, नळीचं पोलाद त्यामानाने मऊ. पिन तिथे आपटली की काठावर बारीक खाच पडते, आणि दबलेला धातू जातो कुठे? चेंबरच्या आत. तिथे एक फुगवटा येतो, डोळ्याला दिसेल न दिसेल इतका. मग झाडलेलं पितळ बाहेर काढताना अडकायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे, खाच बरोबर त्याच ठिकाणी पडते जिथे ऐरण हवी असते. पुढच्या वेळी खरी गोळी भरली की पिन कडेला चिरडण्याऐवजी त्या खाचेत ढकलते. आवाज येतो टक् असा, आणि गोळी सुटत नाही. पिनचं टोकही बोथट होतं ते वेगळं.

तर मग मधोमध मारणाऱ्या बंदुकांचं काय? १८६६ च्या आसपास इंग्लंडात बॉक्सर आणि अमेरिकेत बर्डन यांनी रसायन काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या छोट्या टोपीत बसवलं. त्यांना सेंटरफायर म्हणतात. त्यात ऐरण काडतुसाच्या आतच असते. काडतूस नसेल तर पिन पुढे मोकळ्या जागेत जाते, समोर धडकायला काही नसतं. म्हणून .३०३ सारख्या लष्करी रायफलींवर रिकामा सराव लाखो शिपायांनी केला आणि फारसं काही बिघडलं नाही. रिमफायर मोठ्या बंदुकांतून हद्दपार झालं, कारण कड चिरडता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं आणि पातळ पितळ मोठा दाब सोसत नाही. उरलं ते .२२. छोटं, कमी आवाजाचं आणि सगळ्यात स्वस्त.

या स्वस्ताईवर इंग्लंडात एक आख्खी चळवळ उभी राहिली. बोअर युद्धात आपल्या सैनिकांना नेम धरता येत नाही हे कळल्यावर १९०१ नंतर गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. त्यांचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स, जन्म कानपूरचा, हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेला. कारकून, कामगार, दुकानदार संध्याकाळी हॉलमध्ये जमून .२२ चालवायचे. जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलींना .२२ च्या नळ्या बसवून सरावाच्या रायफली केल्या गेल्या. त्याच काळात हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता आणि सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. एकाच साम्राज्यात, एकाच माणसाच्या कारकिर्दीत, तिकडे नेमबाजी नागरिकाचं कर्तव्य आणि इकडे गुन्हा. मला यात रॉबर्ट्सचा दुटप्पीपणा नवलाचा वाटत नाही. पण आपल्याकडे नेमबाजी राजेरजवाड्यांची, लष्कराची आणि नंतर ज्याला परवडेल त्याची का राहिली, याचं एक कारण इथे आहे.

१९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. हो, तेच दादासाहेब, लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादेत वकिली करणारा मराठी माणूस, गांधीजींच्या मागे तुरुंगात गेलेला. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मोठी स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने भरते. बहिणीने हे नाव फक्त फॉर्मवर वाचलं होतं.

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, तरी काडतुसं मोजूनच मिळतात. परवाना हवा, कोटा हवा, हिशेब हवा. चांगल्या मॅचची काडतुसं बहुतेक परदेशी आणि महाग. ज्या देशात गोळ्या मुबलक आहेत तिथे रिकामा सराव हा एक पर्याय असतो. इथे तो बऱ्याच जणांसाठी मुख्य सराव आहे. आणि तरीही महाराष्ट्राने या .२२ मध्येच काय काय केलंय बघा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती, ६०० पैकी ५९७. कोल्हापूरचीच राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण, तेही .२२ पिस्तूल. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, आठात सातवा. फायनलमध्ये ४५१.४. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक पदक. (सगळं कोल्हापूर, हे सोलापूरकराला जरा लागतं. असो.)

या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यात गोळी बसवणं हे गोळीचं कौशल्य नसून त्याआधीच्या काही सेकंदांचं आहे: श्वास, हाडांवर तोललेलं वजन, चापावरचा दाब. खरी गोळी सुटली की आवाज आणि धक्क्यात हे सगळं झाकलं जातं. रिकाम्या चापाला झाकायला काही नाही. चाप सुटताना नेम कुठे होता हे डोळ्याला लख्ख दिसतं. हेथची मेणबत्ती हेच करत होती. आज तेच काम स्कॅटसारखी यंत्रं करतात. नळीवर एक सेन्सर, समोर लक्ष्य, आणि नेम कसा भरकटला याची रेषा स्क्रीनवर, शेवटच्या सेकंदाचा रंग वेगळा. माझ्यासारख्याला तो डीबग लॉग वाचल्यासारखा वाटतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये रेंज बंद पडल्या तेव्हा कित्येक नेमबाजांनी महिनोन् महिने घरातल्या भिंतीवर असाच सराव केला.

मी शोधायला लागलो तेव्हा मला दोन टोकाची उत्तरं सापडली. एक, रिमफायर रिकामी मारायची नाही म्हणजे नाही. दोन, हे सगळं जुन्या लोकांचं, नवीन बंदुकांना काही होत नाही. मला दोन्ही आळशी वाटतात. खरा प्रश्न एवढाच आहे की पिन पुढे किती जाते आणि तिला कोण थांबवतं.

काडतुसाची कड साधारण १.१ मिलिमीटर जाड असते. पिनने तिला पुरेसं चिरडलं पाहिजे, पण कड नसताना चेंबरच्या काठापर्यंत पोचता कामा नये. या दोन अटींच्या मधे जागा आहे मिलिमीटरच्या काही दशांशांची. जुन्या काळात स्वस्त रायफली बनवताना एवढं काटेकोर काम परवडत नव्हतं. पिन जरा लांबच ठेवली जायची, म्हणजे गोळी हमखास सुटेल. जुन्या लोकांची ताकीद तिथून आली, आणि त्या बंदुकांसाठी ती बरोबर होती. आता बऱ्याच डिझाइनमध्ये पिनच्या मार्गात अडथळा बसवलेला असतो, त्याच्यापुढे ती जातच नाही. अमेरिकेतल्या रुगर कंपनीची १०/२२ ही १९६४ पासूनची रायफल रिकामी मारायला कंपनीचीच हरकत नाही. त्यांच्या .२२ पिस्तुलातही पिन अडवणारी एक छोटी आडवी खीळ असते. साफ करताना ती बाहेर निघाली आणि परत बसवायची राहिली, तर तेच पिस्तूल रिकामं मारल्यावर चेंबरचा काठ फोडतं. म्हणजे एकच बंदूक एका खिळीमुळे दोन्ही उत्तरांत बसते. कंपनीचं मॅन्युअल वाचा, हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण इथे त्याला पर्याय नाही. ज्या रायफलीचं मॅन्युअल हरवून चाळीस वर्षं झाली आणि जिची पिन मधे कधीतरी कुण्या कारागिराने घासून बसवली, तिच्या बाबतीत पिन लांब आहे असंच धरून चालावं.

याच चौकशीत मला एनसीसीतली एक गोष्ट आठवली, आणि तिचा अर्थ दहा वर्षांनी लागला. कॅम्पात उस्ताद आम्हाला दरडावायचे, खाली रायफलचा घोडा दाबायचा नाही. आणि फायरिंग संपल्यावर त्यांच्याच आज्ञेने आम्ही सगळे बोल्ट मागे-पुढे करायचो, चेंबर रिकामं दाखवायचो, बोल्ट बंद करायचो आणि चाप दाबायचो. टक्, टक्, टक्, रांगेने. ही कवायत .३०३ सारख्या रायफलीची, तिच्यासाठी निर्धोक. .२२ वर ती जशीच्या तशी आली. रिकामा चाप ओढायला बंदी आणि रोज संध्याकाळी आज्ञेने ओढलेला रिकामा चाप, दोन्ही एकाच रायफलीवर, आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नव्हती. मलाही नाही.

उपाय काय, तर तोच, १८५३ चा. मधे काहीतरी मऊ ठेवा. .२२ साठी तयार खोटी काडतुसं मिळतात, पण घेताना बघून घ्यावं. त्यातली काही नुसती बोल्टची हालचाल तपासायला बनवलेली असतात, पिनचे फटके खायला नाही. अमेरिकेत नेमबाज सर्रास भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात तो प्लास्टिकचा प्लग वापरतात, योग्य मापाचा घेतला तर त्याची कॉलर बरोबर रिमच्या जागी बसते. झिजला की फेकायचा. काही जण झाडलेलं पितळच परत भरतात. ते चालतं, पण आधीचा दणका जिथे बसलाय तिथे पितळ आधीच चेपलेलं असतं, पिन पुन्हा तिथेच पडली तर मधे उरतं काय? म्हणून दर वेळी पितळ थोडं फिरवायचं, आणि सगळी कड चेपली की टाकून द्यायचं. ऑलिम्पिक दर्जाच्या काही .२२ पिस्तुलांत पिनच्या वाटेत बसवायचा तुकडा कंपनीच देते. दहा मीटरच्या मॅच एअर रायफलीत तर चाप तेवढा कोंबायची वेगळी सोयच असते, हवा सुटतच नाही. साध्या स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीला मात्र ही मुभा नाही. तिच्यात छर्रा अडवून धरतो म्हणून हवेची गादी तयार होते, छर्रा नसेल तर पिस्टन सरळ पुढे जाऊन आदळतो. धनुष्याचंही तसंच. महाभारतातले वीर युद्धाआधी प्रत्यंचेचा टणत्कार करतात ते ऐकायला छान, पण आज आर्चरीच्या कोचसमोर बाणाशिवाय दोरी सोडून बघा. बाणाने न्यायचा जोर धनुष्याच्या दांड्यांतच जिरतो आणि कंपाउंड धनुष्य एका फटक्यात मोडू शकतं.

आणि ठेवताना स्प्रिंग सैल करायची असेल तर चाप दाबून धरायचा आणि तसाच बोल्टचा दांडा हळूच खाली आणायचा. बऱ्याच बोल्ट रायफलींत पिन आपटत नाही, सावकाश पुढे येते. अर्थात चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने, दोन्हीने बघितल्यावरच. रिकाम्या सरावाचा खरा धोका रायफलीला नसतोच मुळी. तो असतो रिकामी समजलेल्या रायफलीत राहिलेल्या एका गोळीचा. म्हणून सरावाच्या खोलीत खरं काडतूस एकही नको, नळीचं तोंड भिंतीकडे, आणि प्लग भडक रंगाचा, म्हणजे बोल्ट उघडताच दिसावा.

एवढं सगळं मी बहिणीला व्हॉइस नोटवर सांगितलं, सहा मिनिटांचा. तिने सरांना ऐकवलं. सर चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बोल्ट काढला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि चेंबरच्या काठाचा फोटो काढला. तिने मला तो पाठवला. बारा वाजता तास काटा असतो त्या जागी एक स्पष्ट, चौकोनी खाच. बंदी कडक होती, कुणी सरावाला रिकामी मारलेली नव्हती. पण दिवसाच्या शेवटी बोल्ट बंद करून चाप दाबणं वर्षानुवर्षं चालू होतं, ते कुणी सरावात मोजलंच नव्हतं. गेले सहा महिने दहातली एखादी गोळी सुटत नव्हती. क्लबात सगळे म्हणायचे, सोलापूरच्या उन्हाने काडतुसं खराब होतात.

असली खाच दुरुस्त होते. चेंबरमध्ये घालायचं एक निमुळतं हत्यार असतं, ते आत सरलेला धातू परत बाहेरच्या बाजूला दाबतं. पण ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं, घरी कानस घेऊन बसायचं नाही. रायफल त्यासाठी दोन आठवडे गेली. तोवर सरांनी हार्डवेअरच्या दुकानातून तीन मापांचे प्लग आणून ठेवलेत. लालच्या कॉलरने बोल्ट नीट बंद होतो, पिवळा आत सरकतो, करडा बसतच नाही. पोरांना रोज दोनशे रिकामे शॉट्स, वहीत नोंद करून. बहिणीच्या वहीत पहिल्या दिवसाचा शेरा आहे: चाप सुटताना डावीकडे झटका, ४० पैकी ३१ वेळा.